जुन्या मोटारीच्या अस्तराची टॅकिंग पट्टी: शोधावी की घडवावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांच्या वेळची १९४८ सालची प्लिमथ सेडान आपण सोलापुरातच जपून ठेवली आहे. छताचे अस्तर बदलण्यासाठी उतरवले तेव्हा समोरच्या काचेच्या वरच्या पन्हळीतून काळपट भुसा गळू लागला. कारागिराने "पट्टी संपली, आता कापड सोल्यूशनने चिकटवून टाकू" असे सांगितले. ती टॅकिंग पट्टी, म्हणजे छताच्या कडेच्या पन्हळीत बसवलेली आणि अस्तराचे खिळे धरून ठेवणारी पट्टी, कोठे मिळेल आणि न मिळाल्यास इथेच करून घेता येईल का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मोटारींच्या आतील कामात माझी तीसएक वर्षे सोलापुरातच गेली आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

सर्वप्रथम, कारागिराला सोल्यूशनचा डबा उघडू देऊ नका. या गाड्यांचे छताचे अस्तर पत्र्याला चिकटलेले नसते. ते आडव्या तारांवर टांगलेले असते आणि चारही कडांना ताणून खिळ्यांनी धरलेले असते. म्हणजे कडेवर कायमचा ओढा असतो. सोल्यूशनचा थर थंडीत हा ओढा सहन करतो, परंतु उन्हात पत्रा तापला की तो मऊ पडतो, कापड रोज केसभर सरकते आणि एका उन्हाळ्यात मागच्या काचेपाशी झोळ दिसू लागतो. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. अस्तर एका फटक्यात बसत नाही. मध्यापासून सुरुवात करून खिळे अर्धेच ठोकायचे, सुरकुती दिसली की चार खिळे उपसायचे, कापड बोटभर ओढायचे आणि पुन्हा ठोकायचे, असे ते काम चालते. ही मुभा पट्टी देते, चिकट पदार्थ देत नाही. म्हणून चांगल्या पट्टीची माझी कसोटी एकच आहे: त्याच जागी तिसऱ्यांदा ठोकलेला खिळा तिने घट्ट धरला पाहिजे, आणि तोही मे महिन्यातल्या सोलापूरच्या उन्हात.

ही पट्टी मुळात आली कशी, हे समजले की ती कशाची करावी हेही समजते. आरंभीच्या मोटारींचा सांगाडा लाकडी असे, त्यामुळे कापड थेट लाकडावर ठोकले जाई आणि वेगळ्या पट्टीची गरजच नसे. पुढे सांगाडा पोलादी झाला. जनरल मोटर्सने १९३५च्या मॉडेलांपासून अखंड पोलादी छत आणले आणि फोर्डने ते १९३७मध्ये आणले. पोलादात खिळा शिरत नाही, म्हणून सांगाड्याच्या कडेने पत्र्याची अरुंद पन्हळ ठेवून तीत दाबलेल्या कागदाची किंवा तंतूंची, डांबरी द्रव्यात मुरवलेली पट्टी बसवण्याची पद्धत रूढ झाली. ती लाकडापेक्षा सहज वळते, खिळ्याने चिरत नाही आणि खिळा उपसल्यावर तिचे भोक थोडेफार मिटते. हे तीन गुण ज्या वस्तूत आहेत ती वस्तू आपल्याला चालेल, मग बाजारात तिचे नाव काहीही असो.

आपली गाडी बहुधा कुर्ल्याला जुळवलेली असावी. प्रीमियर ऑटोमोबाइल्सने सुरुवातीच्या काळात तिथे डॉज, प्लिमथ आणि डिसोटो गाड्या जुळवल्या. १९४४मध्ये ती कंपनी स्थापन करणारे वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचाच, १८८२चा, हे आपल्याला ठाऊक असेलच. कामाच्या दृष्टीने यातून एक गोष्ट लक्षात ठेवायची: सुटे भाग अमेरिकी असल्याने सगळी मापे इंचांत आहेत. मिलिमीटरमध्ये मोजून जवळचा पूर्ण आकडा धरला, तर पट्टी एक तर पन्हळीत जात नाही किंवा खडखडते.

आता बाजाराविषयी. कुर्ल्याच्या किंवा पुण्याच्या नाना पेठेतल्या दुकानात जाऊन आपण "टॅकिंग स्ट्रिप" मागितलीत, तर तीन वेगळ्या वस्तू समोर येऊ शकतात. एक म्हणजे सोफ्याच्या कामातली पुठ्ठ्याची पातळ फीत. कापडाची कड आतून दुमडून सरळ रेषेत धरण्यासाठी ती असते, आणि तिच्यात खिळा रुतवून भार टांगता येत नाही. दुसरी म्हणजे गालिचा धरणारी, वर टोकदार खिळे निघालेली लाकडी पट्टी, जी जमिनीसाठी असते. तिसरी दारावर लावायची रबरी बीडिंग. तिन्हींचा आपल्या पन्हळीशी काही संबंध नाही. खरी मोटारीची पट्टी परदेशात जुन्या गाड्यांचे सामान विकणाऱ्यांकडे फुटावर मिळते, परंतु हलक्या वस्तूसाठी टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळून रक्कम बरीच होते. शिवाय पट्टी हाती आल्यावर तिचे माप आपल्या पन्हळीपेक्षा सोळांश इंचाने जास्त निघाले, तर तीही तासावीच लागते. मी दोन गाड्यांसाठी ती मागवली होती. वस्तू उत्तम होती, पण इथे तयार केलेल्या पट्टीपेक्षा तिने अधिक काही दिले असे मला दिसले नाही.

साहित्य निवडण्याआधी उष्णतेचा विचार करा, कारण परदेशी कारागिरांचे सल्ले इथे उणे पडतात ते याच ठिकाणी. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस अंशांच्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या छताचा पत्रा सत्तर अंशांच्या आसपास तापतो. पट्टी त्याच पत्र्याला टेकलेली असते.

सुरुवातीच्या वर्षांत माझ्या हातून याच बाबतीत मोठे नुकसान झाले. मूळ पट्टी डांबरी असते एवढे ऐकून मी ज्यूटची पट्टी रस्त्याच्या कामावरून आणलेल्या डांबरात भिजवली, वाळवली आणि एका पाहुण्यांच्या गाडीत बसवली. हिवाळ्यात काम अतिशय नेटके दिसत होते. एप्रिलअखेर मलईरंगाच्या अस्तरावर, प्रत्येक खिळ्याभोवती, तपकिरी डाग उमटले आणि संपूर्ण कापड पुन्हा घालावे लागले. कारण साधे होते आणि ते मला आधी माहीत असायला हवे होते. रस्त्यासाठी वापरले जाणारे व्हीजी-३० प्रतीचे डांबर सत्तेचाळीस अंशांच्या आसपास मऊ पडू शकते. गच्चीच्या जलरोधक कामात वापरतात ते ब्लोन बिटुमेन, ८५/२५ या प्रतीचे, सुमारे पंच्याऐंशी अंशांपर्यंत तग धरते. डांबर वापरायचेच असेल तर पिंपावर ही प्रत लिहिलेली पाहूनच घ्यावे. मी मात्र त्यानंतर अस्तराच्या कामात डांबर अजिबात वापरले नाही.

याच कारणासाठी प्लास्टिकची पट्टीही मला मान्य नाही. एचडीपीईचे तक्ते कापून पट्ट्या करण्याचा सल्ला हल्ली पुष्कळ ऐकू येतो. त्यात स्टेपल चांगली बसते हे खरे आहे. परंतु एक मीटर लांबीची पट्टी चाळीस अंशांच्या फरकाने पाच मिलिमीटरच्या आसपास वाढते, आणि तेवढ्याच लांबीचे पोलाद अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. पन्हळीत दोन्ही टोके अडकलेली पट्टी वाढून जाणार कोठे? ती मध्ये फुगते आणि पन्हळीबाहेर येते. शिवाय तिच्यावर कोणताही गोंद नीट धरत नाही. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबलेला तक्ता, ओलाव्याने फुगतो आणि कडेला खिळा मारला की फाटतो, त्यामुळे त्याचा विचारच करू नये. लाकूड चालते, पण फक्त सरळ भागात. वळणावर त्याला मागून करवतीच्या खाचा द्याव्या लागतात आणि नेमक्या त्या खाचेत खिळा आला तर तो धरत नाही.

मी ज्या दोन वस्तू वापरतो त्या दोन्ही सोलापुरात मिळतात.

पहिली वस्तू कापडी थरांचा कन्व्हेयर पट्टा. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर आहेत आणि त्यांच्याकडून बाद झालेले रबरी पट्टे भंगारात येतात. नायलॉन किंवा कॅनव्हासचे दोन-तीन थर आणि मध्ये रबर अशी त्यांची रचना असते. रबर खिळ्याला आवळून धरते, थर त्याला उपसू देत नाहीत, आणि खिळा काढला की भोक मिटते. जाडी तीन अष्टमांश इंचाच्या जवळपास असलेला, न भेगाळलेला तुकडा निवडा. नखाने दाबल्यावर रबर परत वर आले पाहिजे. जो तुकडा दुमडल्यावर बारीक तडे दाखवतो, तो स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. कापताना साबणाचे पाणी लावून धारदार सुरी पोलादी पट्टीच्या आधाराने तीन-चार वेळा चालवली की कड स्वच्छ येते. कोरडी सुरी रबरात अडकते आणि रेषा वाकडी जाते. ट्रकच्या टायरची बाजूही चालते, परंतु फक्त नायलॉनच्या जुन्या पद्धतीच्या टायरची. रेडियल टायरमध्ये पोलादी तारा असतात, त्या खिळाही वाकवतात आणि हातही कापतात. एक सावधगिरी मात्र अवश्य घ्या. काळ्या रबरातली काही द्रव्ये कालांतराने शेजारच्या फिक्या कापडात किंवा रेक्झिनमध्ये उतरून पिवळट-तपकिरी डाग पाडतात. म्हणून पट्टीवर सुती फीत गुंडाळून घ्यावी किंवा अस्तर आणि पट्टी यांच्यामध्ये मांजरपाटाची एक घडी ठेवावी.

दुसरी वस्तू पुठ्ठा, आणि मूळ पट्टीच्या सर्वांत जवळची तीच आहे. बाइंडिंगवाल्यांकडचा दीड मिलिमीटर जाडीचा दाबलेला करडा पुठ्ठा घ्यावा. सोलापुरात आणखी एक पुठ्ठा मिळतो, जो बाहेरच्या कारागिरांना मिळत नाही: जेकार्ड मागावर चादरीची नक्षी काढण्यासाठी ज्यावर भोके पाडतात, तो कोरा कार्डाचा पुठ्ठा. तो पातळ असला तरी अतिशय घट्ट दाबलेला असतो. वापरून झालेली कार्डे मात्र घेऊ नयेत, कारण त्यांच्यात इतकी भोके असतात की थरांवर थर ठेवल्यावर आत पोकळ्या राहतात. इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आल्यापासून ही कार्डे कमी होत चालली आहेत, तेव्हा ओळखीच्या कारखान्यात कोरा गठ्ठा शिल्लक असेल तर आत्ताच मागून ठेवा.

पुठ्ठ्याची पट्टी करताना सर्वाधिक महत्त्व थरांच्या दिशेला आहे. खिळा थर भेदून गेला पाहिजे, दोन थरांच्या मधून जाता कामा नये. मधून गेला तर तो थर फाकवतो आणि पट्टी आतून उघडते. प्लायवूडच्या कडेत खिळा धरत नाही, त्याचेही कारण हेच. म्हणून आधी पन्हळीकडे पाहून खिळा कोणत्या बाजूने येणार हे ठरवा आणि मगच थर रचा. दीड मिलिमीटरचे सहा थर गोंदासकट तीन अष्टमांश इंचाच्या किंचित आत बसतात. पन्हळ खोल असेल तर जेकार्डचा एखादा पातळ थर वाढवून माप मिळवता येते.

वळणाच्या भागासाठी पन्हळीचा आकार आधी जाड कागदावर उतरवून घ्या, तो प्लायवूडवर कापून साचा करा, साच्याला मेण चोळा आणि गोंद लावलेले थर त्यावर वाकवून चापांनी एक दिवस आवळून ठेवा. थर वाकलेल्या अवस्थेतच एकमेकांना चिकटले की पट्टी वळण सोडत नाही. सुतारकामाचा साधा पांढरा गोंद इथे टाळावा, कारण तो उष्णतेत मऊ पडतो आणि वाकवलेले थर हळूहळू सरकू लागतात. पाण्यात न सुटणारा, पावडर कालवून करायचा युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद मला अधिक भरवशाचा वाटतो. तो पातळ लावा. जाड थर काचेसारखा कडक होतो आणि खिळ्याचे टोक त्यावर वाकते.

गोंद वाळल्यावर पट्टी पन्हळीच्या मापाला तासा आणि तिला जवसाचे उकळलेले तेल, म्हणजे रंगाच्या दुकानातले बेल तेल, पाजा. पहिला हात पूर्ण मुरू द्यावा, जास्तीचे पुसून घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी दुसरा हात द्यावा. तेल पुठ्ठ्यात वाळून कडक होते आणि तंतूंना बांधून ठेवते. मात्र आठ-दहा दिवस थांबल्याशिवाय अस्तर चढवू नका, अन्यथा तेल कापडात उतरेल. आणि एक गोष्ट मनापासून सांगतो: या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. ती उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्याच्या बादलीत बुडवावीत. उन्हाळ्यात बंद गॅरेजमध्ये हा धोका अधिक असतो.

कोणती पट्टी कोठे वापरायची, हे वळण कोणत्या दिशेला आहे यावर ठरते. पट्ट्याची पट्टी जाडीच्या दिशेने सहज वळते, रुंदीच्या दिशेने वळत नाही. त्यामुळे दरवाजांच्या वरच्या जवळजवळ सरळ भागात आणि दाराच्या चौकटीच्या गोल बीडिंगसाठी मी कन्व्हेयरचा पट्टा वापरतो. बीडिंगला रोज हात लागतो, पाय घासतो, तिथे रबराची लवचीकता उपयोगी पडते. समोरच्या आणि मागच्या काचेच्या वर, जिथे पन्हळ आडव्या अंगाने वळते आणि अस्तराचा सगळा ओढा येतो, तिथे साच्यावर केलेली पुठ्ठ्याची पट्टी वापरावी.

जुनी पट्टी काढताना घाई नको. प्रथम सगळ्या पन्हळींची छायाचित्रे घ्या आणि निदान एक शाबूत तुकडा मापासाठी बाजूला ठेवा. भुशावर पाणी शिंपडून तो ओला करा, तोंडाला चांगला मास्क लावा आणि मगच खरवडा. त्या काळच्या गाड्यांत काही ठिकाणी ॲस्बेस्टॉसयुक्त पुठ्ठाही वापरला जाई, आणि कोरडी धूळ छातीत जाऊ देण्यात कोणताही शहाणपणा नाही. पन्हळीची रुंदी आणि खोली पाच ठिकाणी मोजा, कारण सत्तर वर्षांत तिचे ओठ कुठे दबलेले असतात, कुठे फाकलेले. गंज तारेच्या ब्रशने काढून फॉस्फोरिक आम्लयुक्त गंजरोधक लावावे, ते सांगितल्याप्रमाणे धुवून वाळवावे आणि वर रेड ऑक्साइड प्रायमरचा हात द्यावा. पन्हळ जागोजागी गंजाने खाल्ली गेली असेल तर ती कापून नवा लोखंडी पाइप जोडण्याची सूचना आपल्याला मिळेल. ती स्वीकारू नका. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला विंटेज म्हणून नोंद मिळते ती मूळ स्वरूप राखले असेल तरच, आणि चासी, बॉडी व इंजिन यांत मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. खाल्लेल्या जागी आतून पातळ पत्र्याची छोटी थिगळे देऊन काम भागते.

रेड ऑक्साइड वाळला की पट्टी बसवण्याच्या आधी दुसऱ्या माणसाला बाहेरून पाण्याची नळी धरायला सांगून काचेच्या रबराभोवती आणि छताच्या पन्हाळीवर पंधरा मिनिटे पाणी सोडा. आत थेंब दिसला तर आधी तो बंद करा. आपल्याकडे पाऊस कमी असला तरी सप्टेंबरमधला एक जोरदार पाऊस पट्टी कुजवण्यास पुरतो, आणि आपली मूळ पट्टी समोरच गळून पडली याचे कारण बहुधा काचेचे कडक झालेले रबर हेच असणार.

बसवताना पट्टी पन्हळीत लाकडी हातोड्याने हलकेच बसवावी आणि ओठ पक्कडीने दर चार इंचांवर किंचित आवळावेत. जिथे ओठ उरलेले नाहीत तिथे दर सहा इंचांवर बोटाच्या पेराएवढा पॉलियुरेथेनचा ठिपका द्यावा, ज्याने काचा बसवतात तोच. संपूर्ण लांबीला चिकटवू नका. वीस वर्षांनी ती पट्टी कोणाला तरी काढावी लागेल. स्क्रू वापरायचाच झाला तर त्याची लांबी दोनदा तपासा, कारण काही ठिकाणी पन्हळीच्या पाठीमागे लगेच बाहेरच्या छताचा पत्रा असतो आणि आतून लागलेल्या टोकाचा फोड बाहेरच्या रंगावर कायमचा दिसतो. खिळ्यांच्या बाबतीतही हाच नियम. चुका, म्हणजे रुंद डोक्याचे बारीक खिळे, तीन नंबरचे घ्यावेत. त्यांची लांबी तीन अष्टमांश इंच असते आणि कापडाच्या घडीतून ते पट्टीच्या बाहेर डोकावत नाहीत. सहा नंबरचे अर्धा इंच असतात, ते छतासाठी वापरू नयेत. शेवटचे पक्के काम स्टेपल गनने करायला माझी हरकत नाही, ७१ मालिकेतली आठ मिलिमीटरची स्टेनलेस स्टेपल त्यासाठी योग्य आहे. परंतु ताण देण्याचे पहिले सर्व काम चुकांनीच करा, कारण स्टेपल उपसताना कापडाचा धागा ओढला जातो.

आणि हे सगळे गाडीत करण्यापूर्वी, तयार पट्टीचा फूटभर तुकडा लोखंडी पट्टीवर बांधून त्यात ओळीने पाच चुका ठोका. दोन चुका उपसून त्याच भोकांत पुन्हा ठोका, त्यांतल्या एकीला दोन किलोचे वजन टांगा आणि तुकडा आठवडाभर गच्चीवर दुपारच्या उन्हात ठेवा. आठव्या दिवशी पक्कडीने पाचही ओढून पाहा. पुन्हा ठोकलेल्या दोन चुका बाकीच्या तिघींइतक्याच जोराने निघाल्या, तर कापड कापायला घेण्यास हरकत नाही.